आता तरी, तीन वेळा

हिंगोली
ता. २ मार्च १९४७

व्यंकटराव मास्तर, हे पत्र माझ्या मावशीला, मोतीबाईला, वाचून दाखवायचं आहे. तिला अक्षर येत न्हाई आणि हट्ट्यात तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा मला भरवसा न्हाई. आधी ती जेवली का विचारा. उपाशी असंल तर वाचू नका. आणि जिथं जिथं मी 'मास्तर' अशी हाक मारीन तिथलं मनातल्या मनात वाचायचं, तोंडानं न्हाई. एवढी तकलीफ घ्या.

मावशी, मी संतराम. चार वर्षं झाली. तू माझं नाव घेतीस का न्हाई ठाऊक न्हाई, न घेतलं तरी बराबर आहे.

कालच्या गाडीनं हिंगोलीत उतरलो. आता तू म्हणशील, गाडी आधी वसमतला थांबती, तिथं काहून उतरला न्हाईस. उतरणार होतो. पिशवी काखेत मारली होती. पण समोरच्या बाकावर एक अस्वलवाला बसला होता, अस्वल गार्डाच्या डब्यात आणि हा आमच्या डब्यात, आणि अस्वलाला ताप आला तर त्याला काय पाजायचं हे तो सांगून राहिला होता. गोष्ट अर्धी होती. ती बोल्ड्याला संपली. मग हिंगोलीच आली.

खबर द्यायची ती ही. तुझं गाणं पुन्हा तबकडीवर चढलं. मुंबईत मी एका तबकडीच्या कंपनीत आहे. काम म्हणजे पेटी उचलायची, खिडक्यांना रजया बांधायच्या आणि गाणं चालू असलं की गच्चीवरचे कावळे हाकलायचे. कावळा कोकलला की गाणं नासतं. दोन महिने झाले असतील, तिथले माणिकराव, कुणाचं गाणं घ्यायचं न कुणाचं न्हाई हे तेच ठरवतात, ते म्हनले, गावाकडचं काही वेगळं ठाऊक आहे का रे? मी पिशवीतून तुझी तबकडी काढली.

होय, ती माझ्याकडंच आहे. पेटीत न्हाई म्हणजे संत्यानं नेली हे तुला त्याच दिवशी कळलं असंल.

माणिकरावांनी ती लावली, डोळे मिटून ऐकली. तू हैदराबादला जाऊन गायलीस त्याला बारा वर्षं झाली. शेवटी तुला नाव सांगायला लावलं होतं ते पण ऐकलं. आता कुणी तसं सांगत न्हाई, गाणं घेणाऱ्या त्या जुन्या साहेबाला खोड होती, छापणाऱ्याला कळावं म्हणून. गाडीत तू पूर्णेपासून ते घोकत गेली होतीस. 'मोतीबाई, हिंगोलीवाली.' मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेलं आहे. माणिकराव म्हनले, तबकडी छापायचा जुना साचा लढाईत वितळवून टाकला, पण नवा गळा मिळाला तर गाणं पुन्हा करू. गळा मिळाला. गाणं झालं.

मास्तर, आता मनात वाचा. माणिकरावांनी विचारलं होतं, ह्या बाई असतात कुठं? माझ्या तोंडून निघून गेलं, वारल्या. त्यांनी विचारलं, कधी. मी म्हनलो, चार वर्षं झाली. का म्हनलो ते मला विचारू नका, मलाच नीट सांगता येत न्हाई. आता कंपनीला कागद पाहिजे. मोतीबाई मयत झाल्या, वारस फक्त हा संतराम, खाली गावच्या दोन साक्षीदारांच्या सह्या. पाडव्याला तबकड्या छापायला घेणार, त्यावर 'कै. मोतीबाई हिंगोलीवाली' असं येणार. कागद न्यायला मला धाडलंय. नेला तर जित्या मावशीला मी मारलं. न्हाई नेला तर गाणं मेलं. तिला सांगू नका. मी दारात येऊन सांगणार आहे.

मावशी, मधे मास्तर थांबले असतील. त्यांना पाणी दे.

संतराम


गोरेगाव
ता. ६ मार्च १९४७

मावशी,

हिंगोलीहून हट्टा कुठल्या अंगाला आणि गोरेगाव कुठल्या अंगाला हे तुला माझ्याहून बराबर ठाऊक. मी उलट्या अंगाला आलो. लालसिंग भेटला म्हणून आलो. हा बाजारोबाजार फोनो घेऊन हिंडतो, पेटी सायकलच्या मागं आणि कर्णा स्वतःच्या पाठीवर. लांबून येताना दिसला की वाटतं धोतऱ्याचं फूल चालून राहिलं. मला म्हनला, चावी द्यायला माणूस पाहिजे, चल. मी एक दिवसासाठी निघालो, चौथा दिवस आहे.

आज गोरेगावच्या बाजारात त्यानं तुझी तबकडी लावली. मीच दिली. उद्या होळी, म्हणून गर्दी दाट. 'उन्हं उतरली शिवारी, सावली आली दारी' इथवर बाजार गप. मग ती जागा आली. 'आता तरी ये रे पाहुण्या' मधलं 'आता तरी'. तुला सांगायला पाहिजे, तिथं तबकडीला ओरखडा आहे. सुई तिथं आली की मागं उडती. आता तरी, आता तरी, आता तरी, बोटानं पुढं ढकलीपर्यंत तेच. एक म्हातारा म्हनला, "बाई काहून अडून राहिली?" लालसिंग म्हनला, "रुसली. पाहुणा आल्याबिगर पुढं जात न्हाई." लोक हसले आणि टाळ्या वाजवून 'आता तरी' म्हणायला लागले. मी ढकलली. माझी सवय आहे, तीन झाले की ढकलायची.

त्या सवयीनंच घोटाळा केला, ते सांगतो.

जिच्या गळ्यानं गाणं केलं ती नीलाबाई, आपल्या कळमनुरीकडची पोरगी, एकोणीस वर्षांची. बाप मुंबईच्या गिरणीत, ही पण तिथंच सूत गुंडाळती. कुणाकडं शिकलेली न्हाई, पण एकदा ऐकलं की उचलती. मी तिच्या खोलीवर आठ दिवस फोनो नेऊन ठेवला. सुई अडली की मी बसल्या जागेवरून ढकलायचो. तिनं तुला पाहिलेलं न्हाई, गाणं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं न्हाई. तिला तबकडी म्हणजेच गाणं.

गाणं घ्यायच्या दिवशी, गाणं आधी ज्यांवर कोरतात त्या मेणाच्या तबकड्या तीनच होत्या. लाल दिवा लागला की गायचं. पहिल्या मेणावर कावळा बोलला. तो माझा कावळा. मी तेव्हा जिन्यात एकाचं घड्याळ बघत होतो, त्यात बारा वाजले की पितळेचा कोंबडा बाहेर यायचा. तेही राहिलंच बघायचं. दुसऱ्या मेणावर पोरगी गायली. मावशी, काय गायली. मी रजईचं टोक दातात धरून उभा होतो. आणि त्या जागेवर आली तेव्हा तिनं 'आता तरी' तीन वेळा म्हनलं. प्रत्येक वेळी आधी एक बारीक हिसका, सुई उडते तसा. बराबर तीन, मग पुढं. आणि माणिकराव माझ्या कानात म्हनले, "काय जागा घेतली रे पोरीनं."

गाणं संपलं. दिवा विझायच्या आत तिनं मान वर केली आणि ठसक्यात म्हनली, "मोतीबाई, हिंगोलीवाली."

मी विचारलं, "हे काहून म्हनलीस?"

"ते गाण्यातलंच व्हय ना? तबकडीवर होतं ते समदं पाठ केलं मी."

तिसऱ्या मेणावर बिचारी घाबरून बेसूर झाली. मग माणिकरावांनीच दुसरं ठेवायचं ठरवलं. म्हनले, नावासकट राहू दे, लोक समजतील बाईच गातात. ती पोरगी जिन्यात मला विचारून राहिली होती, "मग माझं नाव कुठं यायचं?" मी म्हनलो, पुढच्या तबकडीवर. तिनं सगळ्या चाळीला सांगून ठेवलंय.

मास्तर, मनात. माणिकराव आणखी एक म्हनले ते तिला ऐकवू नका. "'कै.' घातलं की लोक जपून ऐकतात." आणि कागदावर एक सही झाली. लालसिंगला वाचता येत न्हाई, सही येती. मी म्हनलो, साक्ष पाहिजे. तो म्हनला, कशाची, मी म्हनलो, गाण्याची. त्यानं हसत सही केली आणि मला भजी चारली. एक साक्षीदार झाला, एक राहिला.

मावशी, तुझा घसा कसा आहे? त्या साली गेला तो आलाच न्हाई का थोडाफार? कढत पाण्याच्या गुळण्या कर.

संतराम


वसमत
ता. ११ मार्च १९४७

मावशी,

वसमतला आलो. म्हणजे तुझ्या अंगाला आलो. इथं सगळीकडं हळद शिजून राहिली. कढया उकळून राहिल्या, वाफ रस्त्यावर येती आणि माणसं कोपरापर्यंत पिवळी. एक कुत्रं पण पिवळं पाहिलं. त्याच्या मागं मागं गेलो, कुठं राहतं बघायला. ते थेट पार्वतीबाईच्या पुढ्यात जाऊन बसलं.

तुझ्या मागं बसून झांज वाजवायची ती पार्वतीबाई. आता अडत्याच्या खळ्यावर हळकुंडं निवडती, मधून मधून हट्ट्याला जाती. मला पाहून तिनं सूप खाली ठेवलं न्हाई, तशीच पाखडत राहिली.

"आला का मेलेला?" म्हनली.

"मी कशाला मरतो, मावशे."

"चार वर्षं जो कळवत न्हाई त्याला काय म्हणत्यात मग? आमी तर तेरावा घालणार होतो, पंगतीला कोण येणार म्हणून राहिला."

मग तिच्याकडून कळलं की माझी पत्रं तू ओट्यावर बसून ऐकतीस आणि सगळी गल्ली ऐकती. मला वाटलं होतं, मास्तर, तुम्ही आत बसून वाचत असाल. पार्वतीबाई म्हनली, "मास्तर वाचतो झ्याक. पण मधेच एका जागी लई खोकतो." मी विचारलं, आणि मोतीमावशी? "पोरीनं गाणं म्हनलं ते तेवढं दोनदा वाचाया लावलं."

मावशी, तू ते दोनदा ऐकलंस हे ऐकून मी खळ्यावरच बसलो. काय म्हणून ऐकलंस ते काही कळलं न्हाई. राग आला म्हणून, का कसं.

आता मी जे सांगणार आहे ते मास्तरांनी तोंडानं वाचावं. गल्ली ऐकत असली तर ऐकू दे.

तू त्या दिवशी वसमतच्या बाजाराला गेली होतीस. तुझा घसा गेल्यापासून तू तबकडी लावू देत नव्हतीस, पेटीत लुगड्याखाली ठेवायचीस. मी सतरा वर्षांचा घोडा, मला राहवलं न्हाई. देशमुखांच्या इथला मोडका फोनो मागून आणला. सुई जुनी होती, बोथट, मी ती दगडावर घासली. म्हनलो चालंल. लावली. 'आता तरी' वर आली आणि अडली. मी उचलून पाहिलं तर आडवा ओरखडा. माझ्या सुईनं पडला. आपल्याकडं ती एकच तबकडी, तुझा गळा तेवढाच उरलेला, आणि तो मी फाडला. तू संध्याकाळी येणार, बाजारातून माझ्यासाठी रेवड्या आणणार. मला ते तोंड बघवणार न्हाई म्हणून मी तबकडी पिशवीत घातली आणि पूर्णेच्या वाटेला लागलो. चोरी म्हणून न्हाई नेली. ओरखडा तुला दिसू नये म्हणून नेली. मग वाशीम, अकोला, मुंबई. सगळीकडं ती बरोबर. सहा जागी राहिलो, कपडे हरवले, ती हरवली न्हाई. म्हणून पुन्हा करायची होती ती. नीट, ओरखड्याबिगर, तुझ्या पुढ्यात आणून ठेवायची होती. आणि झालं काय, तर ओरखडाच गाण्यात शिवला गेला. आता हजार तबकड्यांवर माझा ओरखडा वाजणार आणि लोक वाहवा म्हणणार.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. रूपाबाईचं लेकरू म्हणून मला कुणी वळखत न्हाई, मोतीबाईचं म्हणूनच वळखतात. हे पण लिहून ठेवतो.

मास्तर, मनात. इथल्या पोस्टात माणिकरावांचं कार्ड माझी वाट बघत होतं. नावाची चिठ्ठी छापून झाली, 'कै.' सकट. कागद घेऊन १७ तारखेच्या गाडीनं निघ, न्हाईतर तुझ्या जागी दुसरा माणूस घेतलाय असं समज, आणि त्या पोरीलाही गिरणीतच राहू दे. मी पार्वतीबाईला सगळं सांगितलं. साक्ष देतीस का, हे पण विचारलं. मला लाज न्हाई. ती हसली. म्हनली, "मेली? परवा तर माझ्यासंगं भांडून सव्वा शेर हळकुंडं घेऊन गेली. आण कागद. लावते अंगठा. पण ती मेली म्हणून न्हाई, तू मेलास म्हणून लावते." मी कागद घडी करून खिशात घातला.

संतराम


वसमत
ता. १४ मार्च १९४७

मास्तर, आजच्या पत्रात मनात वाचायचं काही न्हाई. सगळं तोंडानं वाचा. खोकू नका.

मावशी, पत्राच्या घडीत एक कागद आहे. मास्तर तो आधी वाचतील. त्यात लिहिलंय की हट्टा मुक्कामी राहणारी गायिका मोतीबाई चार सालामागं मयत झाली. अक्षर माझं आहे. ते खोटं मी बोललो. कुणी बोलायला लावलं न्हाई. माणिकरावांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, हयात म्हनलो तर ते तुला पत्र घालणार, तू विचारणार, तबकडी कुठाय, आणि ओरखडा उघडा पडणार. तुला मारणं मला सोपं वाटलं. हे लिहिल्यावर कसं दिसतंय ते मला दिसून राहिलंय.

काल दुसरी साक्ष मिळत होती. हळदीच्या बाजारात एक माणूस, नाव विचारलं न्हाई, वजनं उचलतो. म्हनला, दे अंगठा लावतो, त्यात काय. मी कागद काट्याच्या पाटावर पसरला. त्यानं अंगठा शाईत बुडवला आणि सहज विचारलं, "कोण लागत होती तुझी?"

'होती' म्हनला तो. मी कागद ओढून घेतला. त्याचा अंगठा पाटावर उमटला. तो मला येडा म्हनला, आणि दुसऱ्या पोत्याकडं वळला. तिथून तुझ्याकडं यायला निघालो, हट्ट्याच्या बैलगाडीत बसलो पण. अर्ध्या वाटेवर गाडीवान म्हनला, कुणाकडं? मी म्हनलो, मोतीबाईकडं. तो म्हनला, "अस्सं, तुमीच का ते पत्रवाले." मी उतरलो. चालत परत आलो. ह्या वेळी मधे अस्वल न्हाई, कुत्रं न्हाई, काहीच नव्हतं. नुसता भ्यालो.

दुसऱ्या साक्षीची जागा रिकामी आहे. फाडायचा तर फाड, चुलीत घालायचा तर घाल. तबकडी पण धाडणार होतो पण टपालात फुटंल म्हणून ठेवून घेतली.

१७ तारखेला दुपारची गाडी आहे. तोवर मी वसमतच्या ठेसनावर, पाण्याच्या टाकीखाली असतो. तुझ्याकडून काही न आलं तर मुंबईला जाऊन माणिकरावांना सांगीन की बाई हयात आहेत, मी खोटा आहे. मग ते साचा मोडतील. नीलाबाईचं एकच गाणं झालं ते पण मोडंल. तिला काय सांगायचं ते मला सुचत न्हाई. तिनं जे ऐकलं ते इमानदारीनं गायली. तिच्यात खोट न्हाई. मी ढकलत होतो, खोट त्यात.

एवढंच. माफी मागायची माझी लायकी न्हाई, म्हणून मागत न्हाई.

तुझा संत्या


हट्टा
ता. १६ मार्च १९४७
(तुझ्याच कागदाच्या पाठीवर)

संत्या,

मास्तर मी सांगते तसं लिहून राहिले. सुधारायचं न्हाई असं त्यांना बजावलंय.

आधी हे ऐक. मास्तरांनी पहिल्याच पत्रात सगळं वाचून दाखवलं. खोकले, पण वाचलं. मी मेले हे मला दोन तारखेच्या पत्रानं कळलं. चुलीवर वांगं होतं ते करपलं. बाकी काही झालं न्हाई. गल्लीतल्या बायांनी सांत्वनाला म्हणून येऊन च्या पिऊन घेतला. पंधरा दिवस मी वाट बघून राहिले, हा तोंडानं कवा सांगतो. तू अस्वलं सांगत बसलास.

ओरखडा तुझा न्हाई.

देशमुखांच्या घरच्या लग्नात त्यांनी माझी तबकडी मागून नेली. मला वाटलं, पाहुण्यांना दाखवायची असंल, गाणं तर मीच म्हणणार. म्हणून मी साज करून गेले, पार्वती झांजा घेऊन मागं. मंडपात फोनो लावलेला. मी उभी राहिले तर देशमुख म्हनले, बसा बाई, तुमीच गाऊन राहिल्यात की. मी बसले. मी गाऊन राहिले होते आणि मीच खाली बसून ऐकत होते. गाणं संपलं, तबकडीनं माझं नाव सांगितलं, लोकांनी फोनोकडं बघून वाहवा केली. मला पान दिलं. मग जो तो तबकडीच मागून न्यायला लागला, त्या साली गाण्याच्या सगळ्या सुपाऱ्या तिनंच घेतल्या. शेवटी घरी आणली आणि केसातला आकडा काढून तिच्यावर ओढला. एकदाच. मग लुगड्याखाली ठेवली.

घसा गेला असं मीच सांगितलं लोकांना. घसा कुठं गेला न्हाई. इथंच आहे.

तू सुई दगडावर घासलीस का लाकडावर, ओरखडा तुझ्या आधी एक साल तिथं होता. तू बिनगुन्ह्याचा पळालास. मी रेवड्या आणल्या होत्या, मुंग्यांनी खाल्ल्या. तबकडी नेल्याचं मला वाईट वाटलं न्हाई, बरं वाटलं. तू गेल्याचं वाटलं. पत्ता असता तर सांगितलं असतं. तू पत्ता देशील तर ना.

आता गाण्याचं. 'आता तरी' एकदाच आहे. तीनदा बोलवलं की पाहुणा चढून बसतो. एकदा म्हणायचं आणि थांबायचं. मी तिथं थांबले होते. तो साहेब काचेमागून हात हलवून राहिला होता, गा, गा, म्हणून, तरी मी थांबले होते, एक श्वास. ते थांबणं म्हणजे गाणं. बाकी शिवार आणि सावली कुणीही म्हणंल. माझा आकडा नेमका त्या थांबण्यावरून गेला आणि पुढं तू बोटानं ढकलत गेलास. त्या पोरीनं थांबणं कधी ऐकलंच न्हाई. तिचा दोष न्हाई. तिनं तुझं बोट पाठ केलं.

तिला इकडं आण. चार दिवस माझ्यापुढं बसंल तर येईल तिला. जी पोरगी सुईचा हिसका गळ्यात आणती तिला थांबणं काय जड न्हाई.

तुझ्या माणिकरावांना सांग, साचा मोडायचा तर मोडा, पुन्हा करा. पाडवा दर साली येतो. गाणं द्यायला माझी ना न्हाई. 'कै.' काढायचं. चिठ्ठीवर नाव नीलाबाईचं. आणि तिला शेवटी नाव घ्यायचीच हौस असंल तर तिनं आपलं घ्यावं, माझं घेतलेलं आहे एकदा.

कागद फाडला न्हाई. तू म्हनलास, दुसऱ्या साक्षीची जागा रिकामी आहे. मी तिथं अंगठा लावला. मास्तर म्हनले, मयत बाईचा अंगठा साक्षीला चालत न्हाई. मी म्हनलं, न चालू दे, मग त्यांनाच कळंल कोण मेलं न कोण न्हाई. लालसिंगाला सांग, वाचल्याबिगर सही करू नये.

हे पत्र मास्तर स्वतः वसमतला आणून देणार आहेत, उद्या त्यांची सुट्टी. बैलगाडी त्यांचीच आहे, परतीला रिकामी येती. मुंबईची गाडी दुपारची, हट्ट्याची सकाळची. कुठली धरायची ते मी सांगत न्हाई. सांगून तू कधी ऐकलंस.

तबकडी मांडीवर धर. वाटेत दगड लई.

मोतीबाई

संतराम यांस, लेखनिकाकडून दोन शब्द. आपण वाचू नका म्हटलेला मजकूर वाचला, याबद्दल क्षमा नाही मागत. मी मास्तर आहे, पान गाळून वाचण्याची मला सवय नाही. मागील बाजूस आपल्या कागदात 'मयत' हा शब्द होता, तो बाईंच्या सांगण्यावरून खोडून तिथे 'हयात' केला आहे. साक्षीदार दुसरा, या जागी बाईंचा डाव्या हाताचा अंगठा माझ्यासमोर उमटला. घरात शाई होती, पण त्या हळकुंडं निवडता निवडता उठून आल्या आणि तसाच लावला. पिवळा आहे, तरी रेषा स्पष्ट आहेत.

व्यंकटराव, शाळामास्तर, हट्टा